कोवे मॅडमचे पाहुणे

कोवे मॅडमचा फोन नेमका मी जेवायला बसलो की यायचा, आणि त्यांचा पहिला प्रश्नही जेवणाचाच असायचा. माझ्या नव्हे, पेशंटच्या.

"भाऊ, तुमी काल जो तुकडा पाठवला ना, ते बाई खाते काय?"

"मॅडम, पोटात दुखतं म्हणून आली होती. खाते काय ते नाही विचारलं."

"मग विचारा ना. मी इथीच बसून आहो."

आणि त्या खरंच बसून राहायच्या. मी वॉर्डात जाऊन विचारून येईपर्यंत काच तशीच सूक्ष्मदर्शकाखाली. लोक मला म्हणायचे, या बाईंना तुकडा बघायचा असतो की स्वयंपाक शिकायचा असतो? मीही सुरुवातीला तसंच म्हणायचो.

मी दुर्बीणवाला डॉक्टर. तोंडातून नळी घालून अन्ननलिका, जठर आणि आतड्याची सुरुवात बघायची, चिमट्याने तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढायचा, बाटलीत घालून पॅथॉलॉजीत पाठवायचा, एवढंच माझं काम. पुढे त्या तुकड्याचे कागदाहून पातळ काप काढतात, रंगवतात आणि काचेवर घेऊन बघतात. गडचिरोलीला आमच्या इस्पितळात हे बघणाऱ्या एकट्या कोवे मॅडम. मी चंद्रपूरहून मूलमार्गे एसटीने यायचो, त्या इस्पितळाच्या मागच्याच क्वार्टरमध्ये राहायच्या.

बुटक्या, सावळ्या, मनगटांवर लहानपणी गोंदलेले ठिपके, सुती साडी आणि तिच्याखाली कॅनव्हासचे बूट. माहेर आलापल्लीचं, वडील सागवानाच्या डेपोत मजूर होते. आश्रमशाळेत शिकून, पुढे नागपूरला डॉक्टर होऊन त्या परत आल्या आणि मग कुठे गेल्याच नाहीत. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

त्यांची एक सवय साऱ्या इस्पितळाला पाठ होती. काच बघायला बसल्या की पंखा बंद. मे महिन्यात, भिंतीला हात लावला तर चटका बसावा अशा दुपारीसुद्धा. शेजारी बसलेल्याचा शर्ट पाठीला चिकटायचा. मी एकदा कुरकुरलो, तर म्हणाल्या, "पंख्याच्या आवाजात मले दिसत नाई." मी रुमाल काढून घाम पुसला.

त्यांच्या सगळ्या बोलण्यात जी मंडळी सारखी यायची ती म्हणजे पाहुणे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी एका जातीला इओसिनोफिल म्हणतात. रंगवल्या की त्यांच्या पोटात लालभडक दाणे दिसतात. मी नवा होतो तेव्हा मॅडमनी मला स्टुलावर बसवून त्या दाखवल्या.

"हे पाहा. आतड्यात हे घरचेच लोक आहेत. चार इथी, चार तिथी, बसून राह्यतात बिचारे. जठरातबी एखादा दिसन. पण अन्ननलिकेत ह्याईचं काहीच काम नाई. तिथी दिसले का पाव्हणे समजा. आन् पाव्हणे आले म्हंजे कोणीतरी बोलावलं असन. कोणी बोलावलं, ते पाहा लागते."

पुस्तकात हेच मी मोठमोठ्या शब्दांत वाचलं होतं आणि विसरलोही होतो. हे मात्र विसरलो नाही.

त्यांच्या रिपोर्टात 'नॉर्मल' हा शब्द कधी सापडायचा नाही. 'या तुकड्यात काही आढळलं नाही' एवढंच. तुकडा म्हणजे माणूस नव्हे, असं त्यांचं म्हणणं. एकदा घास छातीत अडकतो अशी तक्रार असलेल्या एका मास्तरांना मी दुर्बीण घातली. आत सगळं गुळगुळीत, गुलाबी. तरी नावाला खालून एक तुकडा काढून पाठवून दिला. जेवायला बसलो आणि फोन वाजला.

"भाऊ, एकच?"

"मॅडम, दिसायला सगळं छान आहे."

"दिसाले! लग्नघर पाह्यलं नाई काय तुमी? एका खोलीत पाय ठेवाले जागा नाई आन् बाजूच्या खोलीत कोणी नाई. पाव्हणे काय सारखे वाटून बसतात? वरून पाठवा, खालून पाठवा, येगयेगळ्या बाटलीत पाठवा."

मास्तरांना पुन्हा बोलावलं. ते माझ्यावर असे काही डाफरले की विचारू नका. वरच्या बाटलीत पाहुणे निघाले, खालच्यात नाही. मॅडमनी त्यावरून मला कधी चिडवलं नाही. फक्त त्यानंतर माझी बाटली आली की त्यांचा माणूस 'किती आहेत, किती आहेत' असं मोठ्याने विचारायला लागला, आणि ते त्यानेच ठरवलं असेल असं मला वाटत नाही.

पण पाहुणे दिसले म्हणून त्या कधी हुरळून जायच्या नाहीत. मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवणारा एक जण माझ्याकडे आला होता. जुलाब, पोटदुखी, अंगावर मांस नाही. दुसरीकडे कुठेतरी त्याच्या आतड्याचा तुकडा बघून कुणीतरी लिहिलं होतं की इओसिनोफिल बेसुमार वाढलेत, ॲलर्जीचा आजार आहे, स्टेरॉइड द्या. गोळ्या त्याच्या खिशातच होत्या. मॅडमनी त्याला त्या खिशातच ठेवायला लावल्या आणि तो तुकडा मागवून घेतला. कापावर काप. एक काच झाली, दुसरी झाली, पंखा बंद. दुपार टळायला आली तसा मी उठायच्या बेतात होतो.

"बसा! हा पाहा बोलावणारा."

आतड्याच्या एका बारीक खळग्यात दोऱ्यासारखं काहीतरी वेटोळं घालून बसलं होतं. जंताची अळी. अनवाणी पायाने धानाच्या बांधीत उतरणाऱ्याच्या कातडीतून आत शिरते ती. स्टेरॉइड पोटात गेलं असतं तर हीच अळी त्याच्या अंगभर पसरली असती आणि तो गेला असता. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "आपल्या इकडं आधी जंत, मंग बाकीचं," म्हणाल्या आणि चहा सांगितला. तो ड्रायव्हर पुढे दर उन्हाळ्यात त्यांना चारोळी आणून द्यायचा.

पेशंटला काय विचारायचं तेही मला त्यांनीच शिकवलं. "गिळता येते काय, असं नका विचारू. लोक हो म्हणतात. जेवाले किती वेळ लागते, ते विचारा. घासामागं पाणी पेते काय, विचारा. सगळ्याईच्या मागून उठते काय, विचारा. माणूस आपला त्रास लपवते, भाऊ, पण ताटापुढं नाई लपत."

सोमी आली ती मार्चमध्ये. भामरागडच्याही पलीकडच्या एका गावातली, दहा-अकरा वर्षांची, आश्रमशाळेत राहणारी पोर. तिचा बाप मंगरू तिला घेऊन आला होता. छातीत दुखतं, उलटी होते, वजन वाढायच्या ऐवजी घटतं. शाळेत जंताचं औषध देऊन झालं होतं, पुन्हा देऊन झालं होतं. आमच्या वॉर्डात कुपोषित म्हणून भरती केली आणि तिथल्या डॉक्टरांनी मनापासून, काळजीने तिला दूध आणि अंडी सुरू केली. सोमी दिलेला पेला मुकाट्याने संपवायची आणि संध्याकाळी मुठीने छाती दाबत बसायची. मग आणखी दूध. अशी पोरं हातातून जाताना मी पाहिलेली आहेत, म्हणून सांगतो, तिच्याकडे बघवत नव्हतं.

दुर्बिणीतून फार काही दिसलं नाही. अंधूक रेघा होत्या, इतकंच. पण एव्हाना मी मॅडमच्या तालमीत तयार झालो होतो. वरून, खालून, जठरातून, आतड्यातून, सगळं वेगवेगळ्या बाटल्यांत. फोन आला.

"भाऊ, गर्दी आहे. अन्ननलिकेत वरपासून खालपर्यंत बसाले जागा नाई. आन् पोटात, आतड्यात घरचेच लोक, नेमके. मी खूप पाह्यलं, जंत नाई. येते मी वॉर्डात."

मॅडम मंगरूशेजारी जमिनीवर बसल्या आणि गोंडीत बोलू लागल्या. मला काही कळत नव्हतं. 'पाल' हा एक शब्द तेवढा सारखा ऐकू येत होता. मंगरू खाली मान घालून बोलत होता, जणू काही गुन्हा कबूल करतोय. बऱ्याच वेळाने मॅडम माझ्याकडे वळल्या.

"पाल म्हंजे दूध. ह्याच्या घरी गाई आहेत, पण दूध कोणी काढत नाई. दूध वासराचं असते. पोरीनं दूध पह्यल्यांदा पाह्यलं ते शाळेत. गावचे लोक ह्याले म्हणतात, वासराच्या तोंडचं पेली म्हणून पोरगी अशी झाली. शाळेत सांगाले गेला तर त्याईनं ह्याले अडाणी म्हटलं. आता तो मले विचारून राह्यला, बाई, खरं आहे काय ते?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, तू म्हणते ते कारण नाई. वासराचा काही राग नाई तुझ्या पोरीवर. लाखो पोरं दूध पेतात, त्याईले काही होत नाई. पण हिच्या अंगात पाव्हण्याईले बोलावणारं दूधच दिसते."

मग त्या सोमीकडे बघत, अर्धवट स्वतःशीच म्हणाल्या, "मले आश्रमशाळेत पह्यल्यांदा दूध दिलं ना, तवा मी रडली होती. वासरू काय पेईन, म्हणून."

दूध बंद केलं. शाळेला तसं कळवलं. आठवडाभरात सोमी छाती दाबायची थांबली आणि आम्ही सगळे खूश झालो. मॅडम सोडून. "बरं वाटते म्हंजे बरं झालं, असं नाई. पाव्हणे गेले का नाई, ते तुकड्यातच दिसन. पावसाळ्याच्या आधी पुन्हा आना तिले." आणि नसतील गेले तर? "तर अंडं बंद. मंग शेंगदाणे. मंग गहू. एकेक करून ताटातून उचलत जा लागन. अन् हिच्या ताटात आधीच आहे काय, भाऊ?"

हा प्रश्न त्यांना फार लागला होता. दूध सुटलं तर पोर शाळेत राहील, चार घास खाईल, वाढेल. ताटातलं सगळंच सुटलं तर शाळाही सुटणार होती आणि पोरही. मंगरू तिला घेऊन गावी गेला, आणि मॅडम दुसऱ्या तुकड्याची वाट बघू लागल्या.

मे महिन्यातली गोष्ट. मी त्यांच्याच खोलीत डबा खायला बसलो होतो. पूर्वी त्यांच्या डब्यात भात, वरण, जवसाची चटणी असायची. त्या दिवशी नुसती पेज होती. एक घोट पेज, एक घोट पाणी. माझं जेवण झालं, हात धुऊन झाला, मी परत येऊन बसलो, तरी मॅडमचं चाललेलंच.

"मॅडम, जेवायला किती वेळ लागतो?"

त्यांनी वर पाहिलं. "उनाळा आहे, भाऊ. घास कोरडा होते."

"घासामागे पाणी पिता?"

"माझंच मले शिकवता काय गा?" हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. डब्याला झाकण लावलं. "पाव्हणेच असतीन. मीबी आता इतकी वर्सं चहात दूध घालूनच राह्यली ना. उद्या घाला नळी."

मला दुर्बिणीतच गाठ दिसली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी. तिथे पाहुण्यांचा काही प्रश्नच नव्हता. मी तुकडे काढले आणि ते नागपूरला पाठवायला निघालो. मॅडम खाटेवर उठून बसल्या.

"माझा तुकडा मी पाहीन."

कुणाचं ऐकायच्या त्या? दोन दिवसांनी काच तयार झाली. पंखा बंद झाला. मी नेहमीच्या स्टुलावर. त्यांनी काच या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली, पुन्हा आणली, पुन्हा सरकवली. कुणा परक्या माणसाची बघावी तशी, अगदी शांतपणे.

"पाव्हणे नाई, भाऊ."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"घरचेच उलटले."

मग म्हणाल्या, आपल्याच रिपोर्टावर आपली सही चालत नाही, आता न्या नागपूरला. मी तिथेच, त्यांच्यासमोर रडलो. मोठा डॉक्टर, केस पिकलेला, लहान पोरासारखा रडलो. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "पंखा लावा भाऊ. गरम होऊन राह्यलं."

नागपूरला कळलं की कॅन्सर यकृतापर्यंत गेलाय. अन्ननलिकेत जाळीची नळी बसवली, म्हणजे पातळ तरी उतरावं. औषधाच्या एक-दोन फेऱ्या झाल्यावर मॅडमनी पुरे म्हटलं आणि आलापल्लीला भावाच्या घरी गेल्या. इकडे जून सरत आला, तरी सोमी काही आली नाही. पाऊस लागला तो लागलाच. पुलावरून पाणी, एसटी बंद, गावाला फोन लागत नाही. मी आयुष्यात कधी पावसावर एवढा चिडलो नसेन.

मॅडमचा फोन आता मी जेवायला बसण्याची वाट बघायचा नाही. केव्हाही यायचा. "सोमी आली काय?"

"नाही अजून. रस्ता बंद आहे."

"बरं."

आवाज दर वेळी बारीक झालेला. त्यांच्या जागेवर कुणी आलं नव्हतं, काचा नागपूरला जात होत्या. मी एकदा म्हटलं, "मॅडम, तुम्ही कशाला जिवाला घोर लावून घेता? आली की तिचीही नागपूरला पाठवू."

"पाहतीन ना ते. चांगले पाहतीन. पण त्याईले काय माहीत, सोमी कोण?"

दसरा झाल्यावर मंगरू तिला घेऊन आला. बोटभर उंची वाढलेली, केसांना तेल. मी तुकडे काढले, काचा तयार करवून घेतल्या आणि त्या बघितल्या नाहीत. बघू शकलो असतो. धीर झाला नाही म्हणा. इस्पितळातला जुना सूक्ष्मदर्शक गाडीत घातला, सोमीला आणि मंगरूला बसवलं. काचांची डबी सोमी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती. रस्त्याला खड्डा आला की मांडीवरून उचलून छातीशी धरायची. आष्टीचा पूल ओलांडून दुपारी आलापल्लीला पोहोचलो.

मॅडमना मी ओळखलं ते मनगटावरच्या ठिपक्यांवरून. दोन दिवसांपासून त्यांना पाणीही उतरत नव्हतं. नळीच्या वरून गाठ पुन्हा वाढली होती. त्यांच्या वहिनी ओल्या फडक्याने ओठ टिपत होत्या. सूक्ष्मदर्शक खिडकीशी स्टुलावर मांडला, पलंग त्याच्याजवळ सरकवला, उशा लावून त्यांना बसवलं. त्यांनी बोट वर केलं. वहिनींना कळेना.

"पंखा," मी म्हणालो.

"अवो बाई, एवढ्या गरमीत?" असं म्हणत वहिनींनी तो बंद केला.

त्यांना डोळा फार वेळ लावून ठेवता येत नव्हता. थोडं बघायच्या, मान टाकायच्या, पुन्हा बघायच्या. काच मीच सरकवत होतो, त्या बोटाने खूण करतील तशी. वरची काच. खालची काच. पुन्हा वरची. मंगरू दाराशी उभा होता.

"एकबी नाई." मग जरा थांबून, "एकबी नाई, भाऊ. घर मोकळं आहे."

मंगरूला त्यांनी गोंडीत काहीतरी सांगितलं. तो मटकन खाली बसला आणि त्याने तोंड ओंजळीत झाकलं. मी काचा डबीत ठेवू लागलो. मॅडमनी वहिनींना जवळ बोलावलं. "पोरीले वाढ. अंडं आहे काय घरी? दे तिले. अंडं चालते तिले. दूध सोडून सगळं चालते."

त्या यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. मी त्यांना जिवंत पाहिलं ते हेच शेवटचं.

वहिनींनी पलंगासमोरच जमिनीवर ताट मांडलं. भात, वरण, उकडलेलं अंडं, आणि बाजूला पाण्याचा लोटा. मॅडमनी हात हलवला.

"पाणी दूर ठेव. पाहू दे मले."

सगळे बघताहेत म्हणून सोमी लाजली. मग भूक जिंकली असावी. तिने भात कालवला, मोठा घास केला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. छातीकडे हात गेला नाही, लोट्याकडे नजर गेली नाही. अंडं तर अर्धं एका घासात. वहिनींनी आणखी भात आणला, तिने ताट पुढे केलं. मॅडम उशीला टेकून बघत होत्या. सोमी घास गिळायची, आणि पलंगावर मॅडमचा कोरडा गळा तिच्याबरोबर हलायचा.